जर्मनीत बसून गेम विकायचा तर: कागद, कीबोर्ड आणि स्टीमचं पान

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी पोरापोरींपैकी बऱ्याच जणांच्या लॅपटॉपवर एखादा अर्धवट गेम पडलेला असतो. इंजिन कुठलं घ्यावं, गोडो की युनिटी, यावर रात्ररात्र वाद झडतात. तो वाद इथे नको. कोड पुण्यात लिहितात तसाच बर्लिनमध्येही लिहितात. फरक पडतो गेम विकायला काढल्यावर, आणि त्याबद्दल आधी कुणी सांगत नाही.

पहिली गोष्ट व्हिसाची. रेसिडेन्स कार्डासोबत एक वेगळा कागद मिळतो, त्झुझात्सब्लाट. त्यावर 'सेल्बस्टेंडिगे टेटिगकाइट निश्त गेश्टाटेट' असं लिहिलेलं असेल तर स्वतंत्र व्यवसायाला मनाई आहे. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, पैसे घेऊन गेम विकणं हा व्यवसायच. विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस कामाची मुभा असते, पण ती नोकरीसाठी. आपला गेम विकणं त्यात बसत नाही. ब्लू कार्डवाल्यांचंही, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर आलेल्यांचंही, तसंच. दोघांनाही परदेशी नागरिकांच्या कार्यालयात अर्ज करून जोडव्यवसायाची परवानगी घेता येते. उत्तराला वेळ लागतो, म्हणून हा अर्ज गेम निम्मा झाला असतानाच टाकावा. कुटुंब व्हिसावर आलेल्या जोडीदाराला मात्र नोकरी आणि व्यवसाय दोन्हींची मुभा असते. मग गेम त्याच्या किंवा तिच्या नावावर काढायचा मोह होतो. तसं करायचं तर करार, बँक खातं आणि कर सगळं त्याच नावावर हवं आणि कामही खरोखर त्याच माणसाचं हवं. नुसतं नाव पुढे करणं महागात पडू शकतं.

नोकरी असेल तर करारातलं जोडधंद्याचं कलम वाचा आणि कंपनीला लेखी कळवा. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या सॉफ्टवेअरचे आर्थिक हक्क जर्मन कायद्याप्रमाणे कंपनीकडे जातात. तुम्ही गेम कंपनीतच असाल तर हा धोका आणखी मोठा. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचं लायसन्स आणि ऑफिसची वेळ, तिन्हींपासून आपला गेम लांब ठेवा.

मग नोंदणी. स्वतःचा गेम विकणारा बहुतेक वेळा गेवेर्बेमध्ये, म्हणजे व्यापार-धंद्यात, मोडतो. म्हणून आधी गेवेर्बेआम्टमध्ये, म्हणजे धंद्यांची नोंद करणाऱ्या कार्यालयात, नोंद आणि त्यानंतर महिन्याभरात एल्स्टर या सरकारी पोर्टलवरून फिनान्झआम्टची, म्हणजे कर कार्यालयाची, प्रश्नावली. एल्स्टरचा सक्रियता कोड टपालाने येतो, म्हणून ते खातं आधीच उघडून ठेवा. नोंदणी झाली की घरी पत्रांचा पाऊस पडतो. त्यातलं व्यापारी मंडळाचं, म्हणजे आयएचकेचं, पत्र खरं असतं. तुमची नोंद व्यापारी रजिस्टरमध्ये नसेल आणि वर्षाचा नफा ५,२०० युरोंच्या आत असेल तर त्यांची वर्गणी भरावी लागत नाही. पण सरकारी वाटावं असं गरुडाचं चित्र छापलेली, 'रजिस्टरमध्ये नोंदीचं शुल्क' मागणारी काही पत्रं निव्वळ फसवणुकीची असतात. नवीन माणूस घाबरून पैसे भरून टाकतो. खाली बारीक अक्षरात 'प्रस्ताव' असं लिहिलेलं असतं, तेवढं शोधा.

मागच्या वर्षीची उलाढाल २५,००० युरोंच्या आत असेल तर क्लाइनउंटरनेमर, म्हणजे छोटा व्यावसायिक, म्हणून नोंद करता येते आणि बिलावर व्हॅट लावावा लागत नाही. ही मर्यादा २०२५ पासूनची. आधी ती २२,००० होती. इथे एक खाच आहे. परदेशी कंपनीकडून घेतलेल्या सेवेवर, म्हणजे जाहिरात, सॉफ्टवेअरची वर्गणी किंवा गेमसाठी विकत घेतलेली तयार चित्रं-आवाज (अ‍ॅसेट), बिल बिनव्हॅटचं आलं तर तो १९ टक्के व्हॅट तुम्हालाच जाहीर करून भरावा लागतो, आणि क्लाइनउंटरनेमरला तो परतही मिळत नाही. वर्षाच्या शेवटी कर सल्लागाराने हे काढलं की चेहरा उतरतो.

आता एक गोड बातमी. स्टीमवर खातं उघडताना अमेरिकेच्या कराची मुलाखत भरावी लागते, म्हणजे डब्ल्यू-८बेन हा फॉर्म. अमेरिकेतल्या विक्रीतून तुमच्या वाट्यावर किती कर कापायचा हे त्यावर ठरतं. काहीच दावा केला नाही तर ३० टक्के, भारत-अमेरिका कराराखाली १५ टक्के आणि जर्मनी-अमेरिका कराराखाली शून्य. अमेरिकेत कर वजा जाता १,००० डॉलरची विक्री झाली तर स्टीमचे ३० टक्के जाऊन ७०० उरतात. भारतातून १०५ डॉलर कापले जातील, जर्मनीतून काहीच नाही. करार पासपोर्टवर नाही, तर तुम्ही कुठल्या देशाचे कर-निवासी आहात त्यावर लागतो. भारतीय पासपोर्ट आहे म्हणून सवयीने 'भारत' निवडणारे बरेच जण भेटतात. जर्मनीचे कर-निवासी असाल तर जर्मनी निवडा आणि श्टोयर-आयडी हा ११ अंकी वैयक्तिक कर क्रमांक भरा. फिनान्झआम्ट देतं तो श्टोयरनुमर हा वेगळा आकडा, दोघांची गल्लत करू नका. पुण्यातून विकणाऱ्यांनी हे १५ टक्के बुडाले असं समजू नये. भारतात विवरणपत्र भरताना त्यांची वजावट मागता येते.

गेमची वेबसाइट केली तर इम्प्रेसुम, म्हणजे साइट कुणाची हे सांगणारं पान, पाहिजेच. त्यात खरं नाव आणि जिथे कायदेशीर नोटीस पोहोचेल असा खरा पत्ता लागतो. टपालपेटी चालत नाही. घरचा पत्ता जगाला दाखवायचा नसेल तर महिन्याच्या भाड्याने पत्ता देणाऱ्या सेवा आहेत. फॉन्टही आपल्याच सर्व्हरवर ठेवा. गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट ओढल्यामुळे भेट देणाऱ्याचा आयपी पत्ता बाहेर जातो म्हणून म्युनिकच्या कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये १०० युरोंची भरपाई द्यायला लावली, आणि त्यानंतर तशा नोटिसांची लाटच आली होती.

कागद संपले. आता गेमकडे, कारण जर्मन कॉम्प्युटर गेम कसा फोडतो हे बघण्यासारखं आहे.

जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि हजारांसाठी टिंब. युनिटीत सीशार्प या भाषेत float.Parse करताना, म्हणजे मजकुरातला आकडा वाचताना, कुठल्या देशाचं स्वरूप ते सांगितलं नाही तर ते विंडोजची सेटिंग उचलतं. तुमच्या फाइलमध्ये वेग '१.५' आहे; जर्मन विंडोज ते टिंब हजारांचं समजतं आणि वेग १५ होतो. खेळाडू उडी मारतो आणि पडद्याबाहेर जातो. उलट बाजूनेही तेच: सेव्ह करताना '१,५' लिहिलं जातं आणि स्वल्पविरामाने तुटणाऱ्या सीएसव्ही फाइलमध्ये एका रकान्याचे दोन होतात. तुमच्या इंग्रजी विंडोजवर हे कधीच दिसत नाही, म्हणून रिलीजच्या दिवशी फक्त जर्मनांच्या तक्रारी येतात आणि काही केल्या कारण सापडत नाही. उपाय साधा: वाचताना आणि लिहिताना दोन्हीकडे 'इन्व्हेरियंट कल्चर', म्हणजे कुठल्याही देशात न बदलणारं स्वरूप, द्या. तपासणी त्याहून सोपी: विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये जर्मन स्वरूप निवडा, गेम सुरू करा, सेव्ह करा, पुन्हा उघडा. गोडोच्या स्वतःच्या भाषेत, जीडीस्क्रिप्टमध्ये, हा त्रास नाही. गोडोत सीशार्प वापरत असाल तर आहेच.

दुसरं कीबोर्डचं. जर्मन कीबोर्डवर झेड आणि वाय यांच्या जागा उलट असतात. झेडने उडी आणि एक्सने वार अशी जोडी ठेवली असेल तर झेड इथे टी आणि यू यांच्या मधे गेलेलं असतं आणि डाव्या हाताची बोटं गाठ मारल्यासारखी होतात. बटणं अक्षराने न बांधता जागेने बांधा. गोडोच्या इनपुट मॅपमध्ये 'फिजिकल' कीचा पर्याय आहे. युनिटीची नवी इनपुट सिस्टम जागेवरच चालते. पण पडद्यावर सूचना दाखवताना त्या जागेवर प्रत्यक्ष छापलेलं अक्षर विचारून घ्या, नाहीतर गेम झेड दाबायला सांगेल आणि चालेल वाय.

जर्मन मजकूर इंग्रजीपेक्षा तीसेक टक्के लांब होतो आणि जोडशब्द मधे तुटत नाहीत. भाषांतर येण्याआधी सगळ्या बटणांवर चाळीस टक्के जास्तीचा कचरा मजकूर घालून बघा, कुठे फुटतं ते लगेच कळेल. स्टीम डेक या हातात धरायच्या कॉम्प्युटरच्या १२८० बाय ८०० पडद्यावर सगळ्यात बारीक अक्षर ९ पिक्सेलच्या खाली गेलं तर 'व्हेरिफाइड'चा शिक्का मिळत नाही, हेही तेव्हाच तपासून घ्या.

मराठी भाषा द्यायची हौस असेल, आणि असावीच, तर इंजिन निवडताना विचार करा. युनिटीत मजकूर दाखवणारं टेक्स्टमेशप्रो देवनागरी जुळवत नाही: 'शिवनेरी'तली वेलांटी श च्या उजवीकडे जाऊन बसते, 'क्ष'च्या जागी हलन्त क आणि शेजारी सुटा ष दिसतो. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, कारण दोष अक्षरं जुळवणाऱ्या भागाचा आहे. गोडो ४ आणि अनरियल या इंजिनांमध्ये त्यासाठी हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर आहे, तिथे जोडाक्षरं नीट येतात.

देवळाचा प्रसंग, दारावरची रांगोळी, उंबरठा असा आपल्याकडचा देखावा असेल तर स्वस्तिकाचा प्रश्न येतोच. जर्मनीत बंदी आहे ती नाझी संघटनांच्या चिन्हांवर. आपल्या धार्मिक स्वस्तिकाने कायदा मोडत नाही. तरी स्टोअरमधलं बोटभर चित्र किंवा ट्रेलरची दोन सेकंदं संदर्भाशिवाय पाहिली जातात आणि तक्रार आधी होते, खुलासा नंतर. गेमच्या आत, कुंकवाच्या ठिपक्यांसह, देवळाच्या दारावर खुशाल ठेवा. कव्हरवर आणि स्क्रीनशॉटमध्ये नको.

आता स्टीमचं पान, कारण गेम विकतं ते हे पान. दर गेमला १०० डॉलर भरावे लागतात. विक्री १,००० डॉलरवर गेली की ते परत मिळतात. पैसे भरल्यापासून ३० दिवस गेम रिलीज करता येत नाही, आणि 'लवकरच येत आहे'चं पान निदान दोन आठवडे उघडं असावं लागतं. पान आणि बिल्ड (म्हणजे गेमची चालणारी फाइल) या दोन्हींची स्वतंत्र तपासणी होते, प्रत्येकी तीन ते पाच कामाचे दिवस. हे कमीत कमी आकडे झाले. प्रत्यक्षात पान सहा महिने तरी आधी लावा, कारण विशलिस्ट, म्हणजे गेम पुढे घ्यायचा म्हणून खूण करून ठेवणाऱ्यांची यादी, हळूहळूच भरते.

वयोगटाची प्रश्नावली टाळू नका. १५ नोव्हेंबर २०२४ पासून वयोगट नसलेले गेम स्टीम जर्मनीत दाखवतच नाही. स्टीमच्या आतली प्रश्नावली फुकट आहे, मेहनतही फारशी नाही. ती न भरल्यामुळे बर्लिनमध्ये बनलेला गेम बर्लिनमध्येच दिसत नाही असं होऊ शकतं.

कॅप्सूल चित्रावर, म्हणजे स्टोअरमध्ये गेमचं कव्हर म्हणून दिसणाऱ्या चित्रावर, फक्त गेमचं नाव आणि चित्र चालतं. पुरस्कार, स्तुतीची वाक्यं, सवलतीचे आकडे नाहीत. चित्रकाराला पैसे द्यायचे तर इथेच द्या. ट्रेलरमध्ये स्टुडिओचा लोगो सुरुवातीला फिरवू नका, पहिल्या पाच सेकंदांत खेळ दिसला पाहिजे. नेक्स्ट फेस्ट हा स्टीमवरचा डेमोंचा महोत्सव वर्षातून तीनदा असतो, पण एका गेमला एकदाच भाग घेता येतो. म्हणून कच्च्या डेमोसह घाईने उतरण्यापेक्षा रिलीजच्या आधीचा शेवटचा फेस्ट धरावा. डेमो त्याआधी काही आठवडे बाहेर काढा, म्हणजे कोसळण्याच्या तक्रारी गर्दी होण्यापूर्वी येतील.

कोलोनच्या गेम्सकॉम या मोठ्या गेम प्रदर्शनात पहिल्याच गेमला पैसे भरून स्टॉल घेण्यात आम्हाला अर्थ वाटत नाही. गर्दी प्रचंड, पण ती मोठ्या कंपन्यांच्या रांगेत. बर्लिनचा अ मेझ महोत्सव लहान आहे, तिथे गेम हातात घेऊन लोक अर्धा तास बोलतात. सरकारी अनुदानाचा विचार असेल तर एकच लक्षात ठेवा: केंद्र सरकारच्या योजनेत मंजुरीआधी प्रकल्प सुरू झालेला असला तर अर्ज बाद होतो.

रिलीजच्या दिवशी विशलिस्टवाल्यांना मेल जातो. पुढचा मेल निदान २० टक्के सवलत लावली तरच, म्हणून नंतरच्या १० आणि १५ टक्क्यांच्या सवलती फारशा उपयोगाच्या नाहीत. लाँचची सवलत संपल्यावर पुढच्या सवलतीसाठी ३० दिवस थांबावं लागतं. तेव्हा मोठ्या सेलची तारीख आधी बघा आणि मग लाँचची सवलत ठरवा. दहा परीक्षणं झाली की पानावर एकूण मत दिसू लागतं, पण फुकट वाटलेल्या कीवरची (गेम उघडणाऱ्या कोडवरची) परीक्षणं त्यात धरत नाहीत. मित्रांना कौतुक असेल तर गेम विकत घ्यायला सांगा. पैसे पुढच्या महिन्याच्या अखेरीला येतात आणि १०० डॉलरच्या खाली असतील तर साठून राहतात. बँक खात्यावरचं नाव आणि स्टीमवरचं कायदेशीर नाव तंतोतंत जुळायला हवं. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असतं आणि जर्मन बँक ते कधीकधी गाळते. हे पहिल्या पैशांची वाट बघताना नाही, खातं उघडतानाच तपासा.