तुम्ही विचारलंत म्हणून: अकरा मात्रा आणि एक सांधा

तबला शिकलेल्या बाईला हे असले संगीत आवडते तरी कसे, आणि तेही नशापाणी न करता? ग्रेटफुल डेड या सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉक बँडचा ‘लाइव्ह/डेड’ हा मैफलींत ध्वनिमुद्रित केलेला अल्बम मी कोणासमोर लावला की हा प्रश्न येतोच, कधी थट्टेने, तर कधी खऱ्याखुऱ्या काळजीने. आजवर मी हसून विषय बदलत आले. आता एकदा नीट सांगते.

नशेचा भाग आधी संपवते. ही मंडळी एलएसडी घेत, घेतलेल्या श्रोत्यांपुढे वाजवत, आणि त्यांची ध्वनियंत्रणा पाहणारा आउस्ली स्टॅन्ली ते रसायन स्वतः बनवत असे. यातले काहीच मी नाकारत नाही. मात्र सात जणांनी इतका वेळ एकमेकांचे ऐकत वाजवायचे, तर त्यासाठी लागणारा कान कोणत्याही गोळीतून मिळत नाही, आणि ऐकणाऱ्याला तर केवळ सवड लागते. मी चहा पिऊन ऐकते.

या अल्बममधले ‘डार्क स्टार’ हे गाणे 1968 मध्ये छोट्या तबकडीवर आले, तेव्हा ते पावणेतीन मिनिटांचे होते. 27 फेब्रुवारी 1969 च्या रात्री फिलमोर वेस्ट या सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात तेच गाणे 23 मिनिटांच्या वर गेले, आणि अल्बमवर आहे ते हेच. गायक-गिटारवादक जेरी गार्सियाचा आवाज येईपर्यंत पाच-सहा मिनिटे निघून जातात, आणि त्या अवधीत फिल लेशची बासगिटार ठेका धरून बसत नाही; ती गार्सियाच्या गिटारशी बोलते, मध्येच तिला अडवते, कधी तिच्या पुढे निघून जाते. ऑर्गन मागे धुक्यासारखा पसरलेला असतो आणि कोणीतरी खाचा पाडलेल्या भोपळ्यावर काडी घासत असते. हे आलापासारखे आहे, असे मी पूर्वी लोकांना पटवत असे. आता ते म्हणत नाही, कारण आलापात एकच जण एक राग उलगडतो, आणि इथे उलगडणारा असा कोणी नाहीच. इथे सगळेच साथीला बसले आहेत. माझ्यासारख्या, उमेदीची वर्षे दुसऱ्याच्या गाण्यामागे डग्गा सांभाळण्यात घालवलेल्या बाईला ते का भिडले, हे यावरून समजावे.

आता जे सांगायचे टाळत होते ते सांगते. 1998 च्या हिवाळ्यात माझ्या मावसभावाने अमेरिकेहून आणलेली या अल्बमची सीडी घेऊन मी गुरुजींच्या दादरच्या घरी गेले. शिकवणी संपली होती आणि तबल्यावर गवसणी चढत होती. त्यातले ‘सेंट स्टीफन’ हे गाणे संपून ‘द इलेव्हन’ हे पुढचे सुरू होते ती जागा मी त्यांना मुद्दाम ऐकवली. गुरुजींनी डोळे मिटले आणि उजव्या हाताची बोटे मांडीवर चालू लागली: तीन, तीन, तीन, दोन. तिसऱ्या आवर्तनाला ते म्हणाले, “अकराच आहेत. रुद्र नव्हे, पण अकरा.” (रुद्र हा आपल्याकडचा अकरा मात्रांचा ताल.) मला आभाळ ठेंगणे झाले. मी उत्साहाने सांगितले, की यांचा एक ड्रमवादक, मिकी हार्ट, उस्ताद अल्लारखांकडे शिकला आहे. “कुणाकडे शिकला ते ऐकू येत नाही, बाळ. काय वाजवतो ते येतं.” मग मी सांगितले, की बघा, कोणी इशारा केला नाही, तरी सगळे एकदम अकरात शिरले. त्यावर ते बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, “सगळेच साथ करताहेत. मुख्य कोण आहे?”

प्रश्न साधा होता आणि कदाचित खरोखरच उत्तराच्या अपेक्षेने विचारलेला होता. मला मात्र तो निकालासारखा ऐकू आला. मी म्हणाले, “कुणीतरी मुख्य असल्याशिवाय तुम्हाला वाजवताच येत नाही, गुरुजी. चाळीस वर्षं मागे बसायचीच सवय झालीय तुम्हाला.” त्यांनी गवसणीची नाडी बांधली, गाठ पुन्हा सोडली, पुन्हा बांधली, आणि विचारले, “चहा घेशील ना?” शिकवणी पुढेही चालू राहिली, पण नवे काही ऐकवायला आण, असे ते मला पुन्हा कधी म्हणाले नाहीत. 2003 मध्ये ते गेले.

त्यानंतर मला कळले, की तो अल्बम एका रात्रीचा नव्हताच. ‘सेंट स्टीफन’ फिलमोर वेस्टचे, तर ‘द इलेव्हन’ त्याच्या महिनाभर आधीचे, 26 जानेवारीचे, अ‍ॅव्हलॉन बॉलरूममधले. ज्या जागेवर मी गुरुजींशी भांडले, ती जागा म्हणजे दोन सभागृहांच्या फिती जोडलेला सांधा होती. मी ज्याला किमया म्हणत होते, ते संपादकाच्या हाताचे कौशल्य निघाले.

तरीही मी हार मानत नाही. 2005 मध्ये फिलमोर वेस्टच्या त्या मुक्कामातल्या चारही रात्री दहा सीडींच्या संचात पूर्ण प्रसिद्ध झाल्या, आणि त्यात 27 फेब्रुवारीला हीच मंडळी ‘सेंट स्टीफन’मधून ‘द इलेव्हन’मध्ये न थांबता गेलेली स्पष्ट ऐकू येतात. म्हणजे माझे म्हणणे खरे होते, फक्त मी पुरावा खोटा दाखवला होता. अर्थात ते खरे होते म्हणून त्या दिवशीचे माझे वाक्य क्षम्य ठरते का, हा हिशेब मला अजून जमलेला नाही. (मूळ अल्बमच्या शेवटाकडे अ‍ॅम्प्लिफायरचा नुसता आक्रोश आहे, तो मी आजही वगळते, भक्तीलाही मर्यादा असते.)

हल्ली मी तो अखंड भाग लावते, मांडीवर तीन, तीन, तीन, दोन मोजते आणि गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर शोधते. कधी लेश मुख्य वाटतो, कधी गार्सिया, एखादे आवर्तन तर दोन्ही ड्रमवाले; आणि त्यांच्यावर बोट ठेवेपर्यंत ते मागे सरकलेले असतात.