मोजल्याशिवाय विकायचा नाही: आमच्या अँटेना-कामाची वाटचाल

पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास आम्ही बरीच वर्षं राउटर दुरुस्त करत होतो. जळलेले अडॅप्टर, सैल झालेले जॅक, वळवाच्या विजांनी गेलेले लॅन पोर्ट. 2020 ची टाळेबंदी सैल होऊ लागली तेव्हा ऑफिस आणि शाळा दोन्ही घरात आल्या होत्या, आणि बिजागरीत मोडलेले अँटेना घेऊन माणसं येऊ लागली. नवा अँटेना बसवला तरी काहींची रेंज आधीपेक्षा कमी. पाकिटावर मात्र ‘9 डीबीआय’ छापलेलं; डीबीआय म्हणजे अँटेना शक्ती एका दिशेला किती एकवटतो त्याचं माप.

मग आम्ही तसे काही अँटेना कापून पाहिले. वीतभर नळीत जेमतेम सहा सेंटिमीटरचा डायपोल (लहर सोडणारा दोन भागांचा धातूचा तुकडा), बाकी सगळी पोकळी! वायफायची 2.4 गिगाहर्ट्झची लहर साधारण 12.5 सेंटिमीटरची, तिच्या निम्म्या लांबीचा साधा डायपोल दोनेक डीबीआय देतो, त्यापुढे नाही. कनेक्टरचा घोळ वेगळाच. एसएमए आणि आरपी-एसएमए या अँटेनाच्या दोन स्क्रू-कनेक्टरांचे आटे सारखे, मधली पिन उलट बाजूला. अँटेना फिरतो, घट्ट बसतो, पण भोकासमोर भोक आलं तर आत काही जुळतच नाही.

त्यानंतर ठरवलं, मोजल्याशिवाय विकायचा नाही. त्यासाठी व्हीएनए घेतला, म्हणजे अँटेनाला दिलेल्या सिग्नलपैकी किती परत येतो ते आलेखावर दाखवणारं यंत्र. स्वस्तातले सुरुवातीचे नॅनोव्हीएनए 900 मेगाहर्ट्झच्या आसपासच थांबत, म्हणून 6 गिगाहर्ट्झच्या पुढे जाणारा शोधला. ओपन, शॉर्ट, लोड ही यंत्राची तीन प्रमाण टोकं लावून कॅलिब्रेशन करायचं, तेही मधल्या जोडासकट, नाहीतर 5 गिगाहर्ट्झला तो जोडच आलेख बिघडवतो. रिटर्न लॉस (परत फिरणारी शक्ती दिलेल्या शक्तीपेक्षा किती डीबीने कमी, तो आकडा) 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांत 10 डीबीच्या वर हवा, म्हणजे दिलेल्या शक्तीतली दहा टक्क्यांहून कमी परत फिरते.

पण एवढ्यावर अँटेना पास करणं आम्हाला पटत नाही. 50 ओहमचा नुसता रोधही व्हीएनएवर देखणा आलेख देतो आणि हवेत काहीच सोडत नाही. हलक्या प्रतीच्या, लांब केबलचंही तसंच: शक्ती केबलमध्येच मुरते, परत काही येत नाही, आकडा छान दिसतो. त्यामुळे खरी परीक्षा खोलीत. तोच राउटर, तोच चॅनेल, लॅपटॉप त्याच खुणेवर. आधी कंपनीचा मूळ अँटेना, मग नवा, मग पुन्हा मूळ. मुळाची दोन्ही वाचनं जुळली नाहीत तर सगळी मोजणी रद्द, कारण मध्ये कुणी नुसतं चालत गेलं तरी सिग्नल काही डीबीने हलतो. हे काम आम्ही शेजारची दुकानं बंद झाल्यावर, रात्री करतो. वेळखाऊ आहे, पण याला दुसरा मार्ग आम्हाला सापडलेला नाही.

ग्राहकाला एक गोष्ट आवर्जून सांगतो. जास्त डीबीआय म्हणजे जास्त शक्ती नव्हे. अँटेना उभा असेल तर तीच शक्ती आडवी पसरते, वर-खाली कमी जाते. एकाच मजल्यावरच्या लांब घरात फायदा होतो; दुमजली बंगल्यात वरची खोली उलट कोरडी पडू शकते. मध्ये जाड स्लॅब असेल तर आम्ही अँटेना विकत नाही, वर केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा वेगळा डबा, लावायला सांगतो.

आता प्रत्येक लॉटमधले नमुने तपासले जातात. नापास लॉट आलेखासकट परत जातो, आणि काही पुरवठादार हल्ली माल भरण्याआधी नमुना आमच्याकडे पाठवू लागले आहेत.