बदली तासांची वही

"सर, एवढ्या मुख्याध्यापकांच्या हाताखाली नोकरी केलीत. कडक बरा की मवाळ?" नव्याने खुर्चीत बसलेले जुने सहकारी विचारतात, बी.एड. करणारी भाची विचारते. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

भाचीच्या अभ्यासात याचं तयार उत्तर आहे. कर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा 1939 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला प्रयोग. दहाएक वर्षांच्या मुलांचे गट केले, मुखवटे वगैरे करायला दिले. एक म्होरक्या हुकूम सोडणारा, एक सगळ्यांना विचारून ठरवणारा, एक नुसताच बसून राहणारा. हुकूमवाला खोलीबाहेर गेला की पोरांचं काम थंडावायचं. विचारणारा गेला तरी चालू राहायचं. यात खोटं काही नाही. मुख्याध्यापक शिक्षणाधिकाऱ्यांकडे मीटिंगला गेले की स्टाफरूममध्ये चहा कितीदा होतो, ते आम्हालाही ठाऊक होतं.

आम्ही मात्र मुख्याध्यापक ओळखायचो तो बदली तासांच्या वहीवरून. कुणी रजेवर असलं की त्याचे तास कुणाला लागले ते सकाळी वहीत लिहायचं आणि शिपायाने सह्या घेत फिरायचं. ज्याचा मोकळा तास गेला त्याचं तोंड बघावं!

आमच्या एक बाई भयंकर कडक. दोन मिनिटं उशीर झाला की मस्टर त्यांच्या टेबलावर, लाल शेरा तयार. पाठाचं टाचण मागच्या वर्षीचंच उतरवलंय, हे त्या पान उलटतानाच ओळखायच्या. रजेचा अर्ज खिशात घेऊन मी त्यांच्या दारातून दोनदा परत फिरलोय. पण वहीत आठवड्यातून एकदा तरी त्यांच्याच अक्षरात असायचं: '8 ब, सहावा तास – मी.' 8 ब म्हणजे पत्र्याखालचा वर्ग, आणि सहावा तास भर दुपारचा. त्यांच्या नावाने कुरकुर खूप झाली. बदली तासावरून वाद एकदाही झाला नाही.

त्यांच्यानंतरचे सर अगदी गोड. "तुम्ही सगळे ठरवा, मी सही करतो." तासभर सभा, चहा, बिस्किटं. ठरलेलं मात्र असायचं आदल्या रात्री, संस्थेच्या सचिवांशी फोनवर. आणि वहीत रोज त्याच दोन शिक्षणसेवकांची नावं. तीन वर्षं मानधनावर असलेली पोरं, नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? निरोपसमारंभात कुणीतरी सरांच्या 'लोकशाही शैली'चा उल्लेख केला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. खाजगी अनुदानित शाळेत 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे ही खुर्ची मुख्यतः सेवाज्येष्ठतेने मिळते. पंचवीस-तीस वर्षं बीजगणित शिकवलेला माणूस एका सोमवारी मुख्याध्यापक होतो आणि 58 व्या वर्षी घरी जातो. मधे कधी चार वर्षं, कधी दहा महिने.

मला अकरा मिळाले. बाईंसारखं वागायचं ठरवून पहिल्या आठवड्यात 8 बचा तास घेतलाही. मग संचमान्यतेची, म्हणजे पटावरून किती शिक्षक मंजूर त्याची, माहिती भरायची आली, यू-डायस ही शाळेची सरकारी आकडेवारी आली, पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा आला, आणि वही पर्यवेक्षकांच्या टेबलावर गेली. पुढे तिच्यात काय लिहिलं जायचं, ते मी उघडून पाहिलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी हार घालताना शिपाई हळूच म्हणाला, "सर, तुमच्या वर्षात सह्या घेताना लई बोलणी खाल्ली मी."