उतारापुरते

गेल्या मंगळवारी दुपारी समर्थ मंदिराकडून राजवाड्याकडे पायी उतरत असताना माझ्या कोपराला जवळजवळ चाटून विजेवर चालणारी एक स्कूटर गेली, आणि ती पुढे निघून गेल्यावरच मला ती आल्याचे कळले. चालवणाऱ्या मुलीने मान वळवून ‘सॉरी काका’ म्हटले. मी हात केला खरा, पण रागावायचे राहूनच गेले, कारण मन भलतीकडेच धावले होते. याच उतारावरून आवाज न करता येणारी गाडी मी पूर्वी पाहिली होती. पाहिली होती म्हणजे, मीच ती चालवत होतो.

माझी पहिली मोटारसायकल येझदी होती. साताऱ्यात तिला सगळे येझडी म्हणत आणि विकत घेईपर्यंत मीही तसेच म्हणत असे. मालक झाल्यावर उच्चार आपोआप सुधारला. १९९१ साली पहिल्या नोकरीतल्या शिलकीत थोडी उसनवारी मिसळून मी ती एका निवृत्त सुभेदारांकडून नऊ हजारांना घेतली. अण्णांना हा व्यवहार मुळीच पसंत नव्हता. ज्या गावात प्रिया स्कूटर बनली त्या गावच्या माणसाने म्हैसूरला बनलेली गाडी, तीही दुसऱ्याने वापरलेली, कशासाठी घ्यावी, असा त्यांचा सवाल होता. स्कूटरला स्टेपनी असते, भाजीची पिशवी पायाशी उभी राहते आणि पँटला चेनचे तेल लागत नाही, हे तीन मुद्दे त्यांनी आठवडाभर जेवताना मांडले. त्यांचे तिन्ही मुद्दे बिनतोड होते, म्हणून मी त्यांना उत्तर दिले नाही.

येझदी असलेल्या माणसांची जात निराळी असते, आणि ती एकमेकांना भेटली की तिच्या आवाजाबद्दल बोलतात. अडीचशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, दोन बाजूंना दोन सायलेन्सर, त्यांतून निघणारी ती ठेक्यातली धडधड, हे सगळे मीही अनुभवले आहे. किक आणि गिअरची दांडी एकच, तीही डाव्या बाजूला. आत दाबून फिरवली की किक, पुन्हा जागेवर आणली की गिअर. नवख्या माणसाला किकच सापडत नसे आणि त्याची ती शोधाशोध बघत उभे राहण्यात मला फार आनंद वाटे, हेही कबूल करतो. परंतु त्या गाडीचे मला सर्वांत जास्त काय आठवते असे विचाराल, तर तिचे बंद असणे आठवते.

ज्यांना सातारा ठाऊक आहे त्यांना हे सांगायला नको की या गावात सपाट असे फारसे काही नाही. यवतेश्वराच्या माथ्यावरून निघालेला माणूस घाट उतरून समर्थ मंदिर, राजवाडा, मोती चौक, कमानी हौद असे करत पोवई नाक्यापर्यंत जवळजवळ उतरतच येतो, आणि मध्ये एखादा आडमुठा तुकडा लागला तर पायाने दोन रेटे दिले की काम भागते. एवढा उतार देवाने फुकट दिलेला असताना त्यावर पेट्रोल जाळणे म्हणजे मला उधळपट्टी वाटे. पुढे त्याला शास्त्राचाही आधार मिळाला. गोडोलीतला आमचा मिस्त्री एकदा म्हणाला, ‘‘साहेब, घाटात गिअरमध्ये सोडून येत जाऊ नका. आक्सलेटर बंद म्हंजे पेट्रोल बंद, आन् पेट्रोल बंद म्हंजे आइल बी बंद. पिस्टन धरतोय मग.’’ त्याचे म्हणणे खरे होते. टू-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते; इंजिन जोरात फिरत असताना पेट्रोल तुटले की त्याला वंगणही मिळत नाही. तेव्हापासून मी घाटात चावी फिरवून गाडी न्यूट्रल करू लागलो. साऱ्या घाटाचा भार दोन ड्रम ब्रेकवर टाकण्यात शहाणपण किती, हे त्यालाही सुचले नाही आणि मलाही नाही. खाली येईपर्यंत लायनर तापल्याचा वास नाकात भरे. आज कोणी असे करू लागला तर मी त्याला थांबवून दोन गोष्टी ऐकवीन.

चावी बंद करून गाडी गिअरमध्येच ठेवली तर सायलेन्सरमध्ये न जळलेले पेट्रोल साठते आणि चावी पुन्हा लावताच बार उडतो, हा शोधही मला याच काळात लागला. तो प्रयोग मी मोती चौकात एकदाच केला. दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या एका आजोबांच्या हातातून कंदी पेढ्यांचा पुडा गटारात पडला. त्यांना दुसरा पुडा घेऊन दिला आणि त्या विषयातले माझे संशोधन तिथेच संपले.

इंजिन बंद झाले की प्रथम वारा ऐकू येई. मग चेनची किणकिण, टायरखालची खडी, कुणाच्या तरी अंगणातली कपडे धुण्याची धपधप, आणि या सगळ्याच्या मागून, माझ्या उजव्या कानाशी, अण्णांचा आवाज.

अण्णा घरात बोलत नसत. ‘बरं’, ‘बघू’ आणि ‘दिवा घालव’ एवढ्यावर त्यांचा दिवस निभावे. पण उतारावर ते बोलत. मी लहान असताना ते मला सायकलच्या नळीवर बसवून याच रस्त्याने आणत. चढावर ते खाली उतरून सायकल ढकलत आणि मुकाट चालत. उतार लागला, पायडल थांबले आणि मागच्या चाकाची टिकटिक सुरू झाली की त्यांना कंठ फुटे. हा अमुक वाडा, इथे पूर्वी टांगे उभे राहत, या हौदाचे पाणी मी प्यायलो आहे, असे काहीबाही. येझदीवरही तसेच झाले. चढाला इंजिनापुढे कोणाचेच ऐकू येत नसे. चावी फिरवली की बटाट्याचा भाव, चुलत्यांनी न फेडलेले कर्ज, गॅलरीतल्या खांबाला लागलेली वाळवी, सगळे क्रमाने येई. नाक्यावर मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की इंजिन धडधडत सुरू होई आणि वाक्य जिथे असेल तिथे तुटे. तुटलेले वाक्य त्यांनी घरी गेल्यावर कधी पुरे केले नाही.

निवृत्तीनंतर ते श्रावणी सोमवारी यवतेश्वराला जात आणि त्या दिवसापुरती येझदीबद्दलची तक्रार बाजूला ठेवत. अशाच एका सोमवारी, पाऊस उघडलेला असताना, आम्ही उतरत होतो. राजवाडा मागे पडला, मोती चौकही गेला. ते एकदम म्हणाले, ‘‘त्या दिवशी मी माहुलीला गेलो होतो.’’

‘‘कोणत्या दिवशी?’’

‘‘तू बारावीला बसलास त्या वर्षी. निकालाच्या दिवशी.’’

मी बारावीला फिजिक्समध्ये नापास झालो होतो. गुणपत्रिका बघून त्यांनी ‘बरं’ म्हटले, चपला घातल्या आणि ते जे गेले ते रात्री दिवेलागणीनंतर आले. माझे तोंडही बघवत नव्हते म्हणून ते गेले, असे मी आठ वर्षे धरून चाललो होतो.

‘‘संगमावर बसलो होतो अंधार पडेपर्यंत,’’ अण्णा म्हणाले. ‘‘घरात थांबलो असतो तर तुला काहीतरी बोललो असतो. ते परत घेता आलं नसतं.’’

कमानी हौद केव्हाच मागे गेला होता. समोर नाका दिसत होता. मी चावी फिरवली नाही. गाडी सपाटीला लागली, मंद होत गेली, आणि मी पाय न टेकवता तिला जाईल तितकी जाऊ दिले. ती रस्त्यातच थांबली तेव्हा आम्ही दोघेही तसेच बसून होतो. मागे एसटी येऊन थांबली आणि ड्रायव्हरने हॉर्नवर हात दाबून धरला.

‘‘सुरू कर,’’ अण्णा म्हणाले.