पोस्टकार्डाची मागची बाजू आधी

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचं निमंत्रण म्हणून ८०० पोस्टकार्डं छापून तयार होती. दिसायला देखणी होती. पुढे गोदावरीच्या पुरात उभी असलेली नाशिकची दुतोंड्या मारुतीची मूर्ती, मागे निमंत्रणाचा मजकूर आणि पत्त्याची जागा, दोन्ही बाजूंना चकचकीत लॅमिनेशन. छपाई दुसरीकडे झालेली. मंडळी संध्याकाळी तिकिटं चिकटवायला बसली आणि सकाळी गठ्ठे उचलले, तर निम्मी तिकिटं टेबलावर सांडली. ऐन पावसाळ्यातल्या त्या शुक्रवारी ते गठ्ठे आमच्या प्रेसमध्ये आले. "दादा, यातलं काय वाचवता येईल ते बघा, सोमवारी टपालात पडायलाच हवीत," असं सोबत आलेल्या निवृत्त शिक्षिका बाई म्हणाल्या.

ज्या शहरात नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून देशाची तिकिटं छापली जातात, तिथून निघणाऱ्या कार्डावरून तिकीट गळावं हे मनाला लागतं. कारण मात्र सरळ आहे. तिकिटामागचा गोंद पाण्याने ओला होतो आणि ते पाणी कागदाच्या तंतूंत शिरलं तरच पकड बसते. लॅमिनेशन म्हणजे प्लास्टिकची फिल्म. तिच्यात पाणी शिरायला जागाच नसते. गोंद वरच्यावर वाळतो आणि पापुद्रा होऊन सुटतो.

आम्ही एक कार्ड घेऊन बाईंसमोरच तपासलं. ऑफिसचा रबरी शिक्का मारला, मिनिटभर थांबलो आणि अंगठा फिरवला. शिक्क्याची शाई पत्त्याच्या जागेपर्यंत ओढली गेली. टपालात तारखेचा शिक्का निम्मा तिकिटावर आणि निम्मा कार्डावर पडतो, त्यामुळे खालच्या कार्डाची शाई वरच्या कार्डाच्या चित्राला लागणार हे नक्की. बॉलपेनने लिहून पाहिलं, तर अक्षर मध्येच तुटत होतं आणि जेलपेनचं पुसलं जात होतं. पर्मनंट मार्करने लिहिता येतं आणि फेविकॉलने तिकीट बसतं हे खरं, पण शिक्क्याचा प्रश्न तसाच राहतो.

बाकीचे दोष लॅमिनेशनखाली झाकले गेले होते. पाठवणाऱ्याचा पत्ता उजव्या बाजूला, तळाशी आणि ठळक टाइपात, ४२२ ने सुरू होणाऱ्या पिनकोडसह छापलेला होता. टपालाची छाननी करणारा माणूस कार्डाच्या उजव्या अर्ध्या भागातला पिनकोड बघतो. तिथे दोन पिनकोड असले आणि त्यातला छापील जास्त ठसठशीत असला, तर पुण्याला जायचं कार्ड फिरून नाशिकलाच येऊ शकतं. पाठवणाऱ्याचा पत्ता डाव्या अर्ध्या भागात आणि बारीक टाइपातच असावा.

मग दराची गोष्ट निघाली. कार्ड म्हटलं की ५० पैसे, असंच सगळे धरून चालतात. पण टपालाच्या दरपत्रकात हाताने लिहिलेल्या साध्या कार्डाला ५० पैसे आणि छापील मजकुराच्या कार्डाला ६ रुपये असे वेगळे दर आहेत. ८०० कार्डांना ४०० रुपये लागतील असं धरलेलं असताना प्रत्यक्षात ४,८०० लागतात. माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाने ५० पैशांचीच तिकिटं आणली होती. ती चिकटून राहिली असती तरी तिकीट कमी पडलंच असतं. शिवाय २० ग्रॅमपर्यंतच्या बंद पाकिटाला ५ रुपये लागतात, म्हणजे छापील कार्ड उघडं पाठवण्यापेक्षा पाकिटात घालून पाठवणं टपालखर्चात १ रुपयाने स्वस्त पडतं. ३०० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचं) १४ × ९ सेंमीचं कार्ड ४ ग्रॅमसुद्धा भरत नाही, त्यामुळे वजनाची चिंता नाही. कार्डं शंभराच्या आत असतील तर डावी बाजू कोरी ठेवून मजकूर हाताने लिहावा, आणि नमुना आधी काउंटरवर दाखवून दर पक्का करून घ्यावा.

म्हणून आम्ही पहिला सल्ला पाकिटांचाच दिला. आहे तेच कार्ड पाकिटात घाला, पत्ता पाकिटावर लिहा, पुन्हा छपाई नको. बाईंनी मजकुरावर बोट ठेवलं. "मेळाव्यास येणाऱ्यांनी" असं हवं होतं, तिथे 'र'चा रफार होऊन "येणार्यांनी" छापलं गेलं होतं. "आमच्या मराठीच्या सरांना हे पाठवू?" या प्रश्नावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुन्हा छापायचं ठरलं.

ही चूक टाइप करणाऱ्याची नसते, म्हणून जरा खोलात सांगतो. 'ऱ्या' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्त्याचा 'ऱ' असतो. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असतं. मजकूर मोबाइलवरून मेलमध्ये, मेलमधून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये असा फिरताना ते अदृश्य चिन्ह गळून पडतं आणि उरलेल्या 'र्'चा रफार होतो. त्यामुळे मजकूर आला की फाइलमध्ये 'र्य' शोधायचा आणि जिथे चुकलाय तिथे 'ऱ' वापरून पुन्हा टाइप करायचा. सरसकट बदल मात्र करू नये, कारण त्याच शोधात 'कार्यक्रम' आणि 'सूर्य' हेही सापडतात आणि तिथला रफार बरोबर असतो. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम असेल तर भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) निवडलेला आहे ना हे बघावं. नाहीतर वेलांट्या अक्षराच्या पुढे पळतात. फॉण्ट मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' देणारा घ्यावा. प्रूफ मंजूर झाल्यावर अक्षरं कर्व्ह करावीत (टाइपाचे नुसते आकार करून टाकावेत), म्हणजे दुसऱ्या मशीनवर फॉण्ट नसला तरी बिघडत नाही. कर्व्ह केल्यावर दुरुस्ती करता येत नाही, म्हणून कर्व्ह न केलेली मूळ फाइल वेगळी जपायची.

आम्ही कामाला मागच्या बाजूने सुरुवात केली. कार्डाची खरी कामाची बाजू तीच असते. चित्र थोडं डावं-उजवं झालं तरी कार्ड पोचतं, मागची बाजू फसली तर चित्र कितीही सुंदर असो, ते कुणाच्या घरी जात नाही. मधली उभी रेघ डावीकडून ६८ मिमीवर घेतली. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात ६० × ३२ मिमी जागा पूर्ण कोरी सोडली. बहुतेक जण तिथे एका तिकिटापुरती छोटी चौकट काढतात. ६ रुपये म्हणजे अनेकदा ५ चं एक आणि १ चं एक अशी दोन तिकिटं लागतात, आणि ५ चं तिकीट मोठ्या आकाराचं असलं तर ते एकटंच जवळपास ४ × ३ सेंमी जागा खातं. शिक्क्यालाही जागा लागते. पत्त्याच्या चार रेघा वरून ४४, ५२, ६० आणि ६८ मिमीवर घेतल्या. हाताने लिहायचं तर दोन रेघांत ८ मिमी अंतर लागतंच. त्याखाली पिनकोडचे सहा चौकोन, प्रत्येकी ७ मिमीचे. तळाशी ९ मिमी मोकळं. निमंत्रण डावीकडे ९ पॉइंटमध्ये, फक्त काळ्या रंगात. काळा रंग चार रंग मिसळून केला तर बारीक अनुस्वारांना रंगीत कड येते.

पुढच्या चित्रात दोन गोष्टी बिघडल्या होत्या. पहिली म्हणजे फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेला होता. त्याची रुंदी १६०० पिक्सेल होती आणि त्यातला निम्माच भाग कापून घेतला होता. ब्लीड (कापताना कडेला पांढरं राहू नये म्हणून चित्राची बाहेर वाढवलेली पट्टी) धरून कार्डाची रुंदी १४६ मिमी होते. तेवढ्यावर ८०० पिक्सेल ताणले की इंचाला १४० सुद्धा उरत नाहीत, हवे असतात ३००. म्हणजे १४६ × ९६ मिमीसाठी साधारण १७२५ × ११३५ पिक्सेल. फोटो काढणारे सदस्य इंदिरानगरलाच राहत होते. त्यांच्याकडून कॅमेऱ्यातली मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवली आणि तो प्रश्न तिथेच मिटला.

दुसरी गोष्ट शेंदराची. पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. त्यामुळे हे चित्र पाहताना नजर आधी मूर्तीच्या रंगावर आणि पाण्याच्या रेषेवर जाते. स्क्रीनवर झळाळणारा शेंदरी रंग छपाईच्या चार रंगांत येताना मंदावतो, ते टळत नाही. पण आधीच्या छपाईत तो विटकरी झाला होता, आणि त्याचं कारण सायन, म्हणजे छपाईच्या चार रंगांतला निळसर. फाइलमध्ये शेंदराच्या उजेडातल्या भागावर मोजलं तर सायन १८ टक्के निघाला. नारिंगीत थोडाही निळसर रंग मिसळला की तो मळतो. आम्ही उजेडातल्या भागात सायन शून्यावर आणला, मॅजेंटा ७५ आणि यलो १०० ठेवला. सावलीचा भाग सायनऐवजी काळ्याने गडद केला. पुराचं गढूळ पाणी होतं तसंच राहू दिलं. ते उजळलं असतं तर पावसाळा नाहीसा झाला असता.

बोर्ड निवडताना आर्ट कार्ड नको म्हटलं, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना कोटिंग असतं. एका बाजूला कोटिंग आणि दुसरी बाजू साधी असलेला ३०० जीएसएमचा बोर्ड घेतला. चित्र कोटेड बाजूला, पत्ता साध्या बाजूला. फक्त चित्रावर लॅमिनेशन करायचं का, असं बाईंनी विचारलं. पावसाळ्यात ते करू नये. साधी बाजू हवेतली ओल पिऊन फुगते, फिल्म फुगत नाही, आणि कार्ड फिल्मच्या बाजूला वळतं. हाताळताना चित्रावर थोडे ओरखडे येतील हे आम्ही आधीच सांगितलं.

एवढ्या संख्येला ऑफसेट, म्हणजे प्लेटा बनवून केलेली छपाई, परवडत नाही. चार प्लेटा आणि जुळवणीत वाया जाणारे कागदच भारी पडतात, म्हणून डिजिटल मशीनवर छापायचं ठरलं. १२ × १८ इंची शीटवर, चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड धरून, ९ कार्डं बसतात. ९५ शीटची ८५५ कार्डं, आणि जुळवणीसाठी १० शीट वेगळी.

पावसाळ्यात बोर्डाचं पाकीट मशीनवर चढवायच्या वेळीच फोडायचं. तासभर आधी फोडलं तरी कडा लाटेसारख्या होतात, मग शीट अडकतं किंवा तिरकं जातं. डिजिटल मशीनमध्ये पहिली बाजू छापताना शीट तापतं, ओल जाते आणि कागद किंचित आकसतो. त्यामुळे पुढची आणि मागची बाजू अर्धा मिमी इकडे-तिकडे होणारच. म्हणून कार्डाच्या कडेने बारीक चौकट कधी काढू नये. अर्ध्या मिमीचा फरक एरवी कुणाला दिसत नाही, चौकट असली की लगेच डोळ्यांत भरतो. आम्ही टोनर कमी लागणारी मागची बाजू आधी छापली, शीट थंड होऊ दिली, मग चित्र छापलं. उलट क्रमाने केलं तर चित्राच्या दाट टोनरने शीट आधीच वाकते आणि दुसऱ्यांदा मशीनमध्ये नीट जात नाही. उलटवताना गेजची कड (शीट ज्या कडेने टेकवून लावतात ती) दोन्ही वेळा तीच ठेवायची.

कटिंगला पन्नासच्या वर शीट घेतली नाहीत. थप्पी जाड झाली की पात्याखाली कागद सरकतो आणि वरचं कार्ड १४० मिमीचं, तर तळाचं १३९ चं निघतं. दोन कार्डांमध्ये ६ मिमी ब्लीड असल्याने तिथे दोन काप द्यावे लागतात. एकाच कापात भागवायला गेलं की शेजारच्या चित्राची पट्टी कार्डाच्या कडेला राहते. पहिल्या थप्पीतलं वरचं, मधलं आणि तळाचं कार्ड काढून सरकारी कार्डाला लावून पाहिलं. तिन्ही १४ × ९ ला बरोबर उतरली. मग शिक्का, बॉलपेन आणि ओलं तिकीट या तिन्ही चाचण्या पुन्हा केल्या. शिक्क्याची शाई अंगठ्याला लागली नाही. तिकीट अर्ध्या तासाने नखाने उचकटलं, तर त्याच्यासोबत कागदाचे तंतू निघाले. पकड अशीच हवी.

शनिवारी संध्याकाळी कार्डं मंडळींच्या हातात पडली. पत्ते त्यांनी हाताने लिहिले. गठ्ठे बांधताना पिनकोडच्या पहिल्या तीन आकड्यांनुसार लावायला सांगितलं: ४२२ नाशिक, ४११ पुणे, ४०० मुंबई, ४२५ जळगाव. सगळे पत्ते एकाच तोंडाला, गठ्ठ्यात पन्नास कार्डं. रबर आवळलं की वरच्या-खालच्या कार्डांच्या कडांना खाच पडते, म्हणून प्रत्येक गठ्ठ्याच्या वर आणि खाली जुन्या लॅमिनेटेड कार्डांतलं एकेक लावलं. काउंटरवर गठ्ठे देताना ती काढून घ्यायची.

८५५ मधली ५५ कार्डं जास्तीची ठेवली ती परत येणाऱ्यांसाठी. जुन्या पत्त्यांच्या यादीत घर सोडून गेलेली माणसं असतातच, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता डाव्या बाजूला असेल तरच ते कार्ड पोस्टमनच्या शेऱ्यासह मंडळाकडे परत येतं. आलेल्या कार्डावर पत्ता खोडून नवा लिहू नये. नवा पत्ता मिळाला की नवं कार्ड, नवी तिकिटं, आणि यादीत त्याच दिवशी दुरुस्ती.