हिरव्या रविवारांसाठी कोण लिहिणार

ख्रिसमसवर कविता करा म्हटलं की आमच्या पॅरिशमधे, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, लगेच दहा हात वर होतात. गव्हाणी, तारा, मेंढपाळ, कडाक्याची थंडी (ठाण्यात कुठली आलीये थंडी, पण असो), सगळं सामान तयारच असतं. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचंही तेच, राख, काटे, क्रूस, अश्रू. पण आत्ता जो चालू आहे ना, सामान्यकाळ, म्हणजे ख्रिसमस-ईस्टरसारख्या मोठ्या काळांच्या मधला साधा काळ, त्याच्यासाठी कोणी चार ओळी खरडल्यात असं काही दिसत नाही.

आणि वर्षातला सगळ्यात लांब काळ हाच! ३३ नाहीतर ३४ आठवडे. जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण झाला की सुरू, राखेच्या बुधवारी प्रायश्चित्तकाळ लागला की ब्रेक, मग पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) झाला की दुसऱ्या दिवसापासून परत सुरू ते थेट ख्रिसमसआधीचा आगमनकाळ लागेपर्यंत. म्हणजे आपला अख्खा पावसाळा, गणपती, नवरात्र, सगळं याच्याच पोटात. फादरांच्या अंगावर रविवारमागून रविवार हिरवी वस्त्रं, बाहेर येऊरचा डोंगरही हिरवागार, पण गाणी मात्र आम्ही तीच ती गुळगुळीत म्हणत बसतो. १९६९ ला रोमने दिनदर्शिका नव्याने लावली त्याआधी यातले बहुतेक रविवार नुसते 'पेंटेकॉस्टनंतरचा अमुकावा' असे मोजले जायचे म्हणे. म्हणजे तेव्हाही बिचाऱ्यांना स्वतःचं असं फार काही नव्हतंच.

तर विश्वासू लोकांच्या प्रार्थना, म्हणजे मिस्सेत सगळ्यांच्या वतीने वाचतात त्या, लिहायचं काम या महिन्यात माझ्याकडे आलंय. त्याचा क्रम ठरलेला असतो, आधी ख्रिस्तसभेसाठी, मग राज्यकर्ते आणि जगासाठी, मग दुःखात असलेल्यांसाठी, मग आपल्या स्थानिक लोकांसाठी. क्रम मला आवडतो, लांबून सुरू करून घराकडे यायचं. वैताग येतो तो भाषेचा. 'जे दुःखी, कष्टी व पीडित आहेत त्या सर्वांना प्रभूचा दिलासा मिळावा'. खोट नाही काढत, पण हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की ते कानावरून पाण्यासारखं ओघळून जातं आणि आपण झोपेतच 'आमची प्रार्थना ऐकून घे' म्हणून मोकळे होतो. म्हणून या वेळी मी लिहिलं, 'नाल्याकाठच्या ज्या घरांत भरतीच्या वेळी पाणी चढतं आणि गाद्या माळ्यावर टाकून लोक रात्रभर बसून राहतात, त्यांच्यासाठी'. प्रार्थना झाली आणि प्रतिसाद यायला अर्धा सेकंद उशीर झाला. नंतर मागच्या बाकावरच्या एक आंटी आल्या, म्हणाल्या, "बाळा, आमचंच घर सांगितलंस की गं."

यात मी काही नवीन करतेय असं अजिबात नाही. फादर स्टीफन्सनी १६१६ मधे ख्रिस्ताची अख्खी कथा मराठी ओवीत सांगितली, जन्माने इंग्रज माणूस, आणि ओव्या दहा हजारांच्या वर! पुढे नारायण वामन टिळक, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला पण तुकोबांचा हात काही सोडला नाही, अभंगातूनच ख्रिस्ताशी बोलत राहिले. ते प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक, पण त्यांची भजनं आमच्याकडेही गातात, भजनाला कोण विचारतंय तुझा पंथ कुठला.

तर मीही अभंगच धरला. मोठा अभंग, सहा सहा सहा चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळायला हवं. ठाणे-वाशी गाडीत बसायला मिळालं तर ऐरोली ते तुर्भे एवढ्यात एक कडवं होतं, उभं राहिलं तर काहीच होत नाही, बोटांवर अक्षरं मोजायला हात कुठे मोकळा असतो.

पत्र्यावर थेंब । गाडी उशिराची ।
भेट ही रोजची । तुझी माझी ॥

ना गोठा, ना तारा । ना रिती कबर ।
ओला हा पदर । घे रे देवा ॥

डब्यात दोडका । हातात तिकीट ।
एवढीच नीट । स्तुती झाली ॥

(माझा महिन्याचा पास आहे, तिकीट यमकासाठी काढलंय.)

क्वायरच्या ग्रुपवर टाकलं. अंकल, जे आमची पेटी वाजवतात, त्यांचा लगेच फोन, "चाल लावतो गं, छान आहे, पण चर्चमधे दोडका?" मी म्हटलं, अंकल, भाकरी चालते, मासे चालतात, मोहरीचा दाणा चालतो, खमीर चालतं, मग दोडक्यानेच काय घोडं मारलंय? येशूने स्वयंपाकघरातल्या आणि शेतातल्याच वस्तू उचलल्या ना, ऐकणाऱ्यांच्या घरात रोज असायच्या त्या. अंकल हसले, पण मग म्हणाले, लोक हसतील आणि भक्तीचा मूड जाईल. हे मात्र मला पटलं नाही. हसल्यावर मूड जातो तो कसला मूड?

खरंतर या काळातही सण कमी नाहीत. २४ जूनला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा सण, आणि तलावपाळीजवळचं पोर्तुगीज काळातलं जुनं चर्च त्याच्याच नावाचं. १५ ऑगस्टला मरियेचं स्वर्गोन्नयन आणि झेंडावंदन एकाच सकाळी. ऑक्टोबरात ईस्ट इंडियन लोकांचा, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळ ख्रिस्ती लोकांचा, आगेरा हा सुगीचा सण, नव्या भाताच्या लोंब्या वेदीपुढे येतात. आगेऱ्यासाठी मला लिहायचंय पण मी घाटावरची, संगमनेरकडची, आम्हाला बाजरी कळते, भात कुठे कळतो, त्यासाठी कोळीवाड्यातल्या एका मैत्रिणीच्या आईला आधी पकडायला लागेल.

पुढच्या रविवारच्या चार प्रार्थना झाल्यात. तिसरी नाईट ड्युटीवरच्या नर्स आणि वॉचमनसाठी आहे, चौथी अजून पुस्तकी वाटतेय, तिला उद्या गाडीत बघते. अभंग फादरना पाठवलाय, दोडक्यासकट. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.