घरातली बदली

संध्याकाळचे पाच वाजत आले की माझे सासरे, आमचे अण्णा, खुंटीवरची पिशवी खांद्याला अडकवतात आणि "भोंगा झाला का गं?" असे विचारत चपला शोधू लागतात. सोलापुरातील ज्या गिरणीत त्यांनी उभी हयात माग चालवला, ती बंद पडूनही आता किती वर्षे लोटली. पहिल्या वर्षी मी त्यांना तसे खरे सांगत असे आणि प्रत्येक वेळी घरात कोणी गेल्याची बातमी ऐकावी तसे ते मटकन खाली बसत. आता मी "आज पगारी सुट्टी आहे" म्हणते आणि पिशवी खुंटीला लागते, निदान पंधरा मिनिटे तरी.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची अस्वस्थता बहुधा दिवस मावळताना वाढते. नेमकी तीच वेळ स्वयंपाकाची, आणि आमच्या भागात काही दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्याचीही असते. अशाच एका संध्याकाळी, कडी काढून बाहेर निघालेल्या अण्णांचे मनगट मी इतक्या जोराने धरले की त्यावर माझ्या बोटांचे वळ उठले. त्या रात्री मी नवऱ्याला स्पष्ट सांगितले, की मला मदतनीस हवी आहे.

"परक्याच्या हाती म्हातारा सोपवणार का?" असे नणंदबाईंनी फोनवरून विचारले. (त्या पुण्याला असतात.) गिरणीत बदली कामगार असत, नेहमीचा माणूस आला नाही की बदलीवाला त्याच्या मागावर उभा राही, आणि त्यामुळे मूळच्या माणसाची मागावरची माया आटली असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढील सुमारे ८८ लाख भारतीयांना हा आजार आहे. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेत ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी तीन तास सोबत बसणाऱ्या बाईंचे पैसे आपल्यालाच द्यावे लागतात. माहिती आणि मार्गदर्शनासाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा मोफत दूरध्वनी क्रमांक मात्र आहे.

आम्हाला गल्लीतल्याच एक निवृत्त अंगणवाडी सेविका मिळाल्या, मंगळवारी आणि शुक्रवारी, चार ते सात. पहिले दोन आठवडे मी घरातच, पण स्वयंपाकघरात थांबले, म्हणजे अण्णांना त्यांची सवय झाली. चहा स्टीलच्या पेल्यातच, गोळी जेवणानंतर, गिरणीचा विषय निघाल्यास पगारी सुट्टी, असे सारे एका वहीत लिहून दिले.

तिसऱ्या आठवड्यात मी सिद्धेश्वर तलावाच्या काठी जाऊन बसले. पहिला अर्धा तास मोबाइलकडे पाहण्यातच गेला. सातला परतले तेव्हा बाई आणि अण्णा समोरासमोर बसून धुतलेल्या चादरीची टोके जुळवत होते. अण्णांनी मान वर करून विचारले, "सुटली का तुझी पाळी?"